शिंगं आहेत, बोटं पाच आहेत

२ जानेवारी १९९७
सीमेचा नाका, ग्रीसची बाजू

नेदा आत्या,

पोचल्या दिवशीच लिहायचं ठरवलं होतं. मग म्हटलं, माल सुटू दे, म्हणजे चांगली बातमी लिहिता येईल. माल सुटला नाही. मग म्हटलं, नवीन वर्ष लागू दे. तेही लागलं. मग इथली मांजर व्याली, तीही नेमकी माझ्या पिशवीत, त्यात कालचा दिवस गेला. शेवटी आज परतीची बस घेऊन आलेला दांचोकाका म्हणाला, "चिठ्ठी देतेस का मी तोंडी सांगू तुझ्या आत्याला? माझ्या तोंडून गेलं की सगळंच दुप्पट वाईट होतं." म्हणून बसले.

तर तुझ्या बाहुल्या कस्टमने अडवल्या आहेत. हरवल्या नाहीत, भिजल्या नाहीत. दांचोकाकाच्या बसच्या पोटातून खोकी खाली उतरवली, बस अथेन्सला निघून गेली, आणि मी खोक्यांबरोबर राहिले. खोकी गोदामात आहेत. मी समोरच्या कॉफीच्या दुकानात कप विसळते आणि वरच्या खोलीत झोपते. दुकानवाली चांगली आहे, फक्त तिला वाटतं मी घरातून पळून आलेय. मी म्हटलं, पळून यायला आधी घरी असावं लागतं.

अडचण अशी. इथल्या जकातीच्या पुस्तकात खेळण्यांची दोन घरं आहेत. माणसाचं रूप असेल तर ती बाहुली. प्राणी, भूत, राक्षस, पंखवाला देवदूत, म्हणजे माणूस सोडून काहीही असेल, तर ते दुसरं कलम, दुसरा दर, दुसरे कागद. ज्याला माल द्यायचा त्या तुझ्या सोलून शहरातल्या दुकानदाराने आपल्या मालावर 'माणूस नाही' असं लिहून ठेवलंय. शिंगं बघून लिहिलं असणार.

नाक्यावरच्या साहेबांचं नाव लाझारिदिस. जाडजूड, मिशा पांढऱ्या, दर वाक्याआधी सुस्कारा. आजी आपल्या बल्गेरियाची होती, तिच्याकडून आपली भाषा शिकले, त्यामुळे 'मी बघते, मी सांगते' असं बोलतात. कोणी हसत नाही. शिक्का त्यांच्याकडे आहे.

त्यांनी एक बाहुली टेबलावर उभी केली. "शिंगं आहेत. चोच आहे. दात डुकराचे. ठीक, राक्षस," म्हणाले आणि शिक्का उचलला. तेवढ्यात त्यांना हात दिसले. तू बोटं पाच-पाच का शिवलीस ग? चार शिवली असतीस तर मी आज सोलूनला समुद्र बघत असते. मग पाय बघितले, तर पायात चामड्याच्या वहाणा, वाद्या पोटरीपर्यंत गुंडाळलेल्या.

"वहाणा घालणारा राक्षस कुठे असतो?" साहेब म्हणाले.

मागे रांगेत ट्रकवाले उभे होते. एक म्हणाला, "माझा मेहुणा घालतो." दुसरा म्हणाला, "तुझ्या मेहुण्याला कोणत्या कलमात बसवतील?" म्हातारा संत्रीवाला म्हणाला, कमरेच्या घंटा बैलाच्या आहेत म्हणून हा बैल. अर्धा तास सगळा नाका हेच बोलत होता, आणि खरं सांगते, मला मजा आली.

मग साहेबांनी विचारलं, "हे तोंडच आहे की मुखवटा? खाली काय आहे?" त्यांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. त्यांचं गाव सोलूनच्या पुढच्या डोंगरात. तिथेही आपल्यासारखेच पुरुष हिवाळ्यात मुखवटे घालून, घंटा बांधून सोंगं घेतात. म्हणाले, "आमच्यात दुसऱ्याचा मुखवटा काढत नाहीत."

मी म्हटलं, "आमच्यातही नाही."

मग आम्ही दोघं नुसते त्या बाहुलीकडे बघत बसलो.

आता ते म्हणतात, खाली माणूस नाही असं मी लिहून सही करून दिली तर ते शिक्का मारतील. तर सांग, खाली काय आहे? दांचोकाका परवा उलटा येईल तेव्हा उत्तर दे.

निघताना तुझ्या फाटकाला लाथ मारली ते बोट अजून दुखतंय. लोक फाटकाला कडी लावतात. तुझं मात्र खालच्या फळीला डाव्या कोपऱ्यात लाथ घातल्याशिवाय उघडत नाही.

तुझी,
इस्क्रा


४ जानेवारी
गोर्ना वर्बा

इस्क्रे,

मांजर व्याली हे तू मला लिहितेस, आणि माल आठवडाभर अडकलाय हे मांजरीच्या नंतर. तुझ्या बापाचीच लेक आहेस.

मुखवट्याखाली काही नाही. चिंध्या आणि लोकर. लिहून दे आणि सही कर. तुझे साहेब शहाणे आहेत, त्यांना माझा नमस्कार सांग. मुखवट्याला हात लावायचा नाही. त्यांनी नाही आणि तूही नाही. सुताने पक्का बांधलाय, तो तसाच दुकानात जाऊ दे. पुढे ज्याच्या घरी जाईल त्याच्या पोराबाळांनी काय ते करावं.

बोटं पाच असतात म्हणून पाच शिवली.

इथे पावासाठी पहाटेपासून रांग. सुर्वेचा सण दहा दिवसांवर आला, पण सोंग घ्यायला गावात पुरुष कुठे आहेत? गेल्या वर्षी तीन म्हातारे आणि एक ढोल होता. त्यातला ढोलवाला गेला. बाकीचे तिकडे, तुझ्या त्या सीमेपलीकडे, कोणी संत्री तोडतोय, कोणी भिंती रंगवतोय.

फाटकाला नावं ठेवू नकोस. चोराला उघडता येत नाही आणि घरच्याला येतं. आणखी काय पाहिजे?

पायमोजे कोरडे ठेव.

नेदा आत्या


७ जानेवारी
नाका

आत्या,

या वेळी उशीर केला नाही, कारण भीती वाटतेय.

सही केली. 'मुखवट्याखाली माणसाचे रूप नाही' असं ग्रीकमध्ये साहेबांनी लिहिलं आणि खाली मी नाव काढलं. साहेब म्हणाले, "उद्या शिक्का मारते." त्यांनी एक बाहुली आपल्या खिडकीत टांगली, वर्ष चांगलं जावं म्हणून. दार उघडलं की तिच्या घंटा वाजायच्या. ट्रकवाले जाता-येता तिला सलाम करायचे.

तिथेच घात झाला. सोलूनच्या मोठ्या कचेरीतून कालिरोई बाई आल्या. आल्या होत्या संत्र्यांच्या भानगडीसाठी. बारीक, उंच, चष्मा दोरीला बांधलेला. दार उघडलं, घंटा वाजली. वर बघितलं. "हे काय?"

"राक्षस आहे, बाई," साहेब म्हणाले.

"कशावरून?"

साहेबांनी माझा कागद दाखवला. बाईंनी तो वाचला. मग बाहुलीचा हात धरून एकेक बोट मोजलं. मग विचारलं, "मुखवटा सुटतो?" साहेब मिशा ओढायला लागले. बाई म्हणाल्या, "माणूस आहे की नाही हे तुमच्या मिशांना विचारून ठरत नाही. गुरुवारी परत येते. तेव्हा कापून बघू."

आत्या, खाली माणूस निघाला तर माझा कागद खोटा. खोट्या कागदाचा माल गोदामामागच्या भट्टीत जातो. काल तिथे बनावट बूट जाळत होते, वास अजून केसांत आहे. आणि खोटी सही करणाऱ्याला शेजारच्या खोलीत पोलिसांकडे देतात. मला मारणार नाहीत म्हणा, पण परत पाठवतील आणि शिक्का असा मारतील की पुन्हा या बाजूला पाय टाकता येणार नाही. तुला माहीत आहे, एका जागी राहायला सांगितलं की मी आजारी पडते.

हे सगळं मी हसत सहन केलं असतं, कारण तू म्हणालीस खाली चिंध्या आहेत. पण काल कप विसळून झाल्यावर साहेबांच्या खोलीत गेले होते. खिडकीतली बाहुली वाऱ्याने फिरत होती म्हणून धरली. मुखवटा काढला नाही, शपथ. नुसता अंगठा दाबला गेला, चोचीच्या वर, दोन डोळ्यांच्या मध्ये.

खाली नाक आहे.

चिंध्यांना नाक कशाला, आत्या?

दांचोकाका आज रात्री तुझ्याकडून जाईल. उत्तर दे. खरं दे.

इस्क्रा


८ जानेवारी
गोर्ना वर्बा

इस्क्रे,

दांचो बाहेर इंजिन चालू ठेवून बसलाय. मी भरभर लिहिते.

खाली कामेन आहे. माझा कामेन. सगळ्यांच्या खाली तोच.

तुला तो आठवत असेल तो हसरा. तू त्या वर्षी कुठे भटकत होतीस देव जाणे, म्हणून काय घडलं ते तुला कोणी धड सांगितलं नाही. तुझे काका गेल्यानंतरची पहिली सुर्वा होती. बापाचा मुखवटा, बापाच्या घंटा, सगळं कामेनच्या अंगावर चढवलं. चौकात नाच रंगात आला, आणि याने मध्येच, सगळ्या गावासमोर, मुखवटा काढून माझ्या पायाशी ठेवला. म्हणाला, "आई, मला हे जमत नाही. मी श्वास घेऊ शकत नाही यात. मी चाललो." ग्रीसला जाणाऱ्या टोळीशी त्याने आधीच ठरवलं होतं.

सोंग संपायच्या आत मुखवटा काढणं म्हणजे घरावर काय ओढवून घेणं, हे तुला सांगायला नको. मी त्याच्या बापाचं दुःख आणि गावाची लाज, सगळं त्याच्यावर ओतलं. म्हणाले, "पुन्हा माझ्या दारात यायचं असेल तर मुखवटा घालून ये. हा उघडा चेहरा मला नको." तो गेला. चार वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. कागदपत्रं नाहीत त्याच्याकडे, नाव बदलून राहत असेल, कोणाला विचारावं तरी पोलीस त्यालाच धरतील.

मग मला सुचलं. बाहुल्या सोलूनला जातील, घराघरांत जातील. पोरं मुखवटा काढतातच, त्यांना कोण अडवणार? कुठेतरी कोणीतरी तो चेहरा बघेल आणि म्हणेल, अरे, हा तर आपल्याकडे काम करतो. किंवा त्याच्याच नजरेस पडेल आणि त्याला कळेल की मला चेहरा हवा आहे. डाव्या भुवईत खाच काढलीय, लहानपणी विहिरीच्या कठड्यावर पडला होता ती. नाकाच्या बाजूला तीळ.

तुला खोटं सांगितलं, कारण तू बोलून टाकतेस.

कापू देऊ नकोस. त्याच्या चेहऱ्यात कात्री घालू देऊ नकोस. आणि पोलिसांच्या समोर चेहरा येऊ देऊ नकोस. परत घेऊन ये, नाहीतर भट्टीत जाऊ देत, पण पोलिसांनी तो चेहरा ओळखायला नको. माझ्या मूर्खपणापायी त्याला बेड्या पडल्या तर मी काय करू?

दांचो हॉर्न वाजवतोय.

आत्या


१० जानेवारी
नाका

आत्या,

आधी हे वाच. बाहुल्या जळाल्या नाहीत. मी आत नाही. कात्री लागली नाही. आता बस आणि पुढचं वाच.

तुझं पत्र काल सकाळी हातात पडलं. माल परत न्यायचं विचारलं, तर साहेब म्हणाले, बाईंनी अडकवलेला माल तपासणीआधी कुठेच जात नाही, पुढे नाही आणि मागेही नाही. दांचोकाकाची बसही तपासणीसाठी थांबवली होती, त्यामुळे तो आणि त्याचे प्रवासी आतच शेकोटीपाशी उभे. संत्रीवाला होता. शेजारच्या खोलीतला पोलीस कॉफी घेऊन दारात टेकलेला, फुकट तमाशा कोण सोडतो? आणि कालिरोई बाई. त्यांनी खिडकीतली बाहुली काढून टेबलावर आडवी ठेवली आणि पर्समधून कात्री काढली. शिंप्याची, लांब पात्याची.

आत्या, खरं सांगते. मी विचार करत होते की पळत सुटले तर दारातला पोलीस कॉफी सांडेल, तेवढ्यात टेकडीपर्यंत जाता येईल. मग लक्षात आलं की मी पळेन, बाहुली पळणार नाही. पात्याचं टोक चोचीखाली, सुतावर टेकलं होतं.

मी म्हटलं, "थांबा. कापू नका. मी काढते."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "लाझारिदिस म्हणाले, तुमच्यात काढत नाहीत."

"परक्याने काढत नाहीत. मी घरची आहे."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. दांचोकाकाने माझ्याकडे चमकून बघितलं.

तुझ्या गाठी अशा आहेत की मला दात लावावे लागले. मुखवटा वर सरकला. आणि खाली तो. तीच भुवई, तोच तीळ. तू त्याला किंचित ओठ दाबलेला काढलायस, रागावल्यासारखा. लहानपणी मी त्याचा भोवरा पळवायची तेव्हा अगदी असाच दिसायचा.

"माणूस," बाई म्हणाल्या. "बाकीची उघडा."

खोक्यामागून खोकं. मी मुखवटे वर करत गेले आणि साहेब एकेक बाहुली टेबलावर मांडत गेले. टेबल भरलं तेव्हा खिडकीच्या कठड्यावर, मग जमिनीवर. सगळीकडून कामेन आमच्याकडे बघत होता.

पोलिसाने कप खाली ठेवला. "हा कोण?" जवळ आला, वाकला. "सगळे एकच आहेत. कोण माणूस आहे हा?"

माझ्या तोंडून निघालं, "माझ्या आत्याला एकच चेहरा येतो."

संत्रीवाला खो-खो हसला. "माझ्या बायकोला एकच भाजी येते!" सगळे हसायला लागले. पोलीसही हसला आणि कप उचलून गेला. माफ कर, आत्या. दुसरं काही सुचलं नाही.

दांचोकाका मात्र हसला नाही. तो ते चेहरे बघत होता, आणि मग सिगारेटचं पाकीट तिथेच विसरून बाहेर गेला.

बाईंनी माझा कागद समोर ठेवला. "तू खाली बघितलं होतंस?"

"नाही."

"न बघता सही केलीस?"

"आमच्यात बघत नाहीत."

बाई साहेबांकडे वळल्या. "आणि तुम्ही न बघता शिक्का मारणार होता."

साहेबांनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की मिशा हलल्या. "आमच्यातही बघत नाहीत, बाई. पोरीला दोष देऊ नका. सही कर म्हणून मीच सांगितलं." हे ते ग्रीकमध्ये बोलले, तेवढं मलाही समजतं. ग्रीकमध्ये ते पुरुषासारखे बोलतात, ऐकायला चमत्कारिक वाटलं.

"दोन देश, एकच वेडेपणा," बाई म्हणाल्या. त्यांनी माझा कागद मधोमध फाडला आणि नव्यावर लिहिलं: बाहुली, माणसाची, मुखवटा सुटा. माल सुटला. कात्री पर्समध्ये गेली. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "खरंच एकच येतो?" मी मुखवटे परत खाली ओढायला लागले.

आता खरी गोष्ट. बाहेर बसच्या मागे दांचोकाका उभा होता. म्हणाला, "पोरी, ही थट्टा नाही. हा गोशो आहे."

"कोण गोशो?"

"अथेन्सच्या वाटेवर, लारिसाच्या अलीकडे वळणावर एक मेंढवाडा आहे. तिथला एक जण दर महिन्याला रस्त्यावर येऊन बस थांबवतो. चढत नाही. आपल्या पेर्निककडचं कोणी आहे का विचारतो, पाऊस झाला का विचारतो, आणि जातो. मी त्याला म्हणायचो, अरे चढ की, तिकीट मागत नाही. तर म्हणायचा, मला तसं जाता येत नाही." दांचोकाकाने स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट फिरवलं. "इथे खाच आहे."

दोन वर्षं तुझी आणि त्याची गाठ पाडू शकणारा माणूस तुझ्या गावावरून बस नेत होता, आणि त्याला ना तू कामेनबद्दल विचारलंस, ना त्याने तुझ्याबद्दल!

मी त्याला एक बाहुली दिली, मुखवटा सोडून, नुसत्या चेहऱ्याची. म्हटलं, ही त्याला दे. एवढंच सांग की आत्या सुर्वेला घरीच असते. दांचोकाका बाहुली कोटात घालून निघाला.

आशा धरू नकोस. तो रागावलेला असेल, घाबरलेला असेल, त्याला सीमा ओलांडायला कागद नाहीत. बसच थांबवणार नाही या वेळी कदाचित. मी काही वचन देत नाही, नुसतं लिहितेय.

मी माल घेऊन उद्या सोलूनला जाते. समुद्र बघते. एक पिल्लू पिशवीत आहे.

इस्क्रा


१४ जानेवारी
गोर्ना वर्बा

इस्क्रे,

एकच चेहरा येतो म्हणालीस. बरोबर म्हणालीस. दुसरा काढायला गेले होते एकदा, तुझा. तू स्वस्थ बसशील तर ना.

पत्र तीनदा वाचलं. तू म्हणालीस आशा धरू नकोस, म्हणून मी धरली नाही. फक्त अंगण झाडलं, पाव जास्तीचा आणला, आणि वाइनचं मडकं वर काढलं. ते दर सुर्वेला काढतेच.

काल चौकात जाळ पेटवला तो आम्ही बायकांनीच. सोंग एकही नव्हतं. कोणीतरी परात वाजवली, थोडा वेळ हसलो, मग थंडी वाजायला लागली आणि घरोघर गेलो. गोर्ना वर्ब्यात सुर्वेला एकही घंटा वाजली नाही असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. आज सकाळी उठून तुला हे लिहायला बसले, म्हटलं निदान तुझ्या सोलूनच्या दुकानदाराने पुढच्या वर्षीचं काय म्हटलं ते विचारावं. त्याला सांग, आता कागदावर आधीच लिही, माणूस म्हणून. मुखवट्याच्या गाठी यापुढे सैल बांधीन, तुझे दात

थांब.

घंटा वाजतायत.

खालच्या रस्त्याने वर येतायत. आपल्या गावच्या नाहीत. आपल्या ओतीव असतात, पोटात वाजतात. या पत्र्याच्या, हलक्या, मेंढ्यांच्या गळ्यातल्या. एकच माणूस आहे. पण पावलं तालात आहेत, दोन लहान आणि एक मोठं, आपल्याकडचा ताल.

खिडकीतून बघितलं. फाटकाबाहेर सोंग उभं आहे. अंगावर उलटं घातलेलं मेंढीचं कातडं, गुडघ्यापर्यंत चिखल. मुखवटा लाकडाचा नाही, खताच्या गोणीचा, त्यावर ग्रीक अक्षरं आणि डोळ्यांना दोन भोकं. शिंगांच्या जागी कसल्यातरी फांद्या. हात उघडे आहेत. लाल पडलेत थंडीने.

बोलत नाही. सोंग बोलत नसतं. कोणी भटका असेल, पावासाठी फिरणारा. या वर्षी फिरतात तसे. शेजारची मार्गा तिच्या दारातून ओरडली, "कोण आहेस रे?" तिच्याकडे मानही वळवली नाही. हात फाटकावर ठेवून उभा आहे. परका असेल तर आता कडी शोधेल, वरून, उजवीकडून, सगळे शोधतात तशी.

शोधली नाही.

लाथ मारली, इस्क्रे. खालच्या फळीला, डाव्या कोपऱ्यात. फाटक उघडलंय, तो अंगणात आलाय, आणि मुखवटा मी काढावा म्हणून मान खाली घालून उभा आहे.